वैद्यकीय नियतकालिकाच्या संपादकांचा निरोप-सत्कार: तयारी सहा महिने आधीपासून

रत्नागिरी, सिंधुदुर्ग किंवा रायगडमधल्या डॉक्टरांच्या संघटनेचं अथवा वैद्यकीय महाविद्यालयाचं नियतकालिक दहा-पंधरा वर्षं सांभाळून संपादक पद सोडतात, तेव्हा बहुतेक ठिकाणी ठरलेला कार्यक्रम होतो. शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह, सहा भाषणं, जेवण. यात गैर काही नाही. पण या माणसाने नेमकं काय केलं, हे त्यातून कुणालाच कळत नाही. संपादकाचं काम छापील पानावर दिसतच नाही. लेखावर नाव लेखकाचं असतं. तिसऱ्या मसुद्यात सुधारलेला तक्ता, न पटणाऱ्या निष्कर्षाला लावलेली कात्री, शेवटच्या मुद्रितात (छपाईआधी तपासायच्या प्रतीत) पकडलेला चुकीचा डोस यांची नोंद कुठेच होत नाही. ते काम पुराव्यानिशी चारचौघांपुढे ठेवणं हाच खरा सत्कार आहे. म्हणून इथे शालीपेक्षा रजिस्टरबद्दल जास्त लिहिलं आहे.

तारीख आणि माणसं

पद सोडण्याचा दिवस नेमका कोणता, ते कार्यकारिणीच्या ठरावात लिहून घ्या. ३१ मार्च हिशेबाला सोयीची तारीख आहे, अंकाला नाही. जानेवारी-मार्चचा अंक एप्रिलमध्ये छापून येतो. त्यात चूक निघाली तर उत्तर कुणी द्यायचं? म्हणून ठराव तारखेवर न करता अंकावर करा: ‘चालू खंडाचा चौथा अंक हा त्यांचा शेवटचा अंक.’

समिती पाच जणांची पुरते. जुन्या सहसंपादकांपैकी एक, कार्यालयात लेखांची आवक-जावक सांभाळणारी व्यक्ती, बरीच वर्षं परीक्षण करणारे (आलेले लेख छापण्याआधी तपासून अभिप्राय देणारे) एक डॉक्टर, ज्यांचा पहिला लेख याच नियतकालिकात आला असे एक तरुण डॉक्टर आणि हिशेब बघणारे एक. कार्यालयातल्या व्यक्तीला विसरू नका. कुठला लेख किती वेळा परत गेला, हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. नव्या संपादकांना समितीचं प्रमुख करू नये. त्यांनी कौतुक केलं तर ते औपचारिक वाटतं, आवरतं घेतलं तर खटकतं.

सगळंच गुपित ठेवायचा मोह टाळा. जुनी रजिस्टरं, पत्रं, पासवर्ड बहुधा संपादकांच्याच घरी असतात. त्यांना न सांगता तयारी होणार नाही. मानपत्राचा मजकूर तेवढा गुपित ठेवा.

आधी सगळे अंक वाचा

हे काम सगळ्यांत मोठं, आणि नेमकं हेच टाळलं जातं. बारा वर्षांच्या त्रैमासिकाचे ४८ अंक होतात. एका अंकाला दीड तास धरला तर ७२ तास. तिघांनी वाटून घेतले तर प्रत्येकाच्या वाट्याला २४ तास, म्हणजे आठ रविवारच्या सकाळी तीन-तीन तास. सहा महिने आधी सुरुवात करायला सांगतो ते यासाठीच.

वाचताना एक साधा तक्ता ठेवा. खंड-अंक, महिना, मूळ संशोधनलेख किती, रुग्णवृत्तं (एकेका रुग्णाच्या आजाराची हकिगत) किती, त्यांतली तालुक्याच्या किंवा खेड्यातल्या दवाखान्यातून आलेली किती, संपादकीयाचा विषय, वाचकांची पत्रं, शुद्धिपत्रं, मागे घेतलेले लेख. शेवटचा रकाना ‘पहिल्यांदाच दिसलेली गोष्ट’ असा ठेवा. रुग्णाची लेखी संमती घेतल्याची ओळ लेखाखाली पहिल्यांदा कोणत्या अंकात आली? नीतिसमितीच्या मंजुरीचा क्रमांक कधीपासून सक्तीचा झाला? हितसंबंध जाहीर करण्याची चौकट कधी आली? लेख मिळाल्याची आणि स्वीकारल्याची तारीख कधीपासून छापू लागले? असे बदल आपोआप होत नाहीत. प्रत्येकामागे संपादकांनी लेखकांशी, कधी स्वतःच्या मंडळाशी घातलेला वाद असतो. मानपत्राचा खरा ऐवज या रकान्यात सापडतो.

विषयांचीही नोंद करा. कोकणातल्या नियतकालिकात फुरशाचा दंश, लाल विंचू, पावसाळ्यातला लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस), २०१६ पासून सिंधुदुर्गात आढळू लागलेला माकडताप हे विषय कधी आणि कुणाच्या लेखांतून आले, ते पाहा. महाडला रुग्ण तपासणाऱ्या डॉ. हिंमतराव बावसकरांची लाल विंचवाच्या दंशाची निरीक्षणं १९८२ मध्ये ‘द लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकाने छापली, आणि नुसतं प्राझोसिन हे औषध विरुद्ध प्राझोसिनसोबत प्रतिविष ही त्यांची चाचणी २०११ मध्ये ‘बीएमजे’ या तशाच नियतकालिकात आली. छोट्या गावात नीट ठेवलेल्या नोंदी कुठवर पोहोचू शकतात, हे कोकणाने पाहिलेलं आहे. तालुक्याच्या डॉक्टरला ‘तुमच्याकडे जे दिसतंय ते लिहा’ म्हणून मागे लागणारा संपादक हीच सवय रुजवत असतो. म्हणून पहिल्यांदा लिहिणाऱ्यांची संख्या मोजा. एकूण पानांच्या संख्येपेक्षा ती कितीतरी बोलकी आहे.

शुद्धिपत्रं आणि मागे घेतलेले लेख लपवू नका. चूक कळल्यावर ती ठळकपणे, मूळ लेखाचा खंड-पृष्ठ देऊन छापणारे संपादक थोडे असतात. असं झालं असेल तर ते कौतुकानेच सांगायला हवं.

आकडे कसे काढायचे

एक आकडा नक्की काढा: लेख मिळाल्यापासून पहिला निर्णय कळेपर्यंत किती दिवस लागत. तो सरासरीने काढू नका, मध्यक (आकडे चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा) घ्या. पाच लेखांना ९, २१, ३०, ३४ आणि ४१० दिवस लागले असतील तर सरासरी सुमारे १०१ येते, मध्यक ३०. परीक्षक आजारी पडल्यामुळे अडकलेला एकच लेख सरासरी बिघडवतो, आणि संपादक दिरंगाई करत होते असा उगाच समज होतो. पद घेतल्यानंतरची पहिली दोन वर्षं आणि शेवटची दोन वर्षं, असे दोन मध्यक शेजारी ठेवा.

तुमचं कामकाज ओपन जर्नल सिस्टिम्स या नियतकालिकांसाठीच्या संगणकप्रणालीवर चालत असेल तर आलेले, स्वीकारलेले, नाकारलेले लेख आणि निर्णयाचे दिवस त्याच्या आकडेवारीच्या पानावर मिळतात. पण एक खोच आहे. संगणकीकरणाच्या वेळी जुने छापील लेख एकगठ्ठा चढवलेले असतील तर त्यांची ‘मिळाल्याची तारीख’ चढवल्याच्या दिवसाची पडते आणि निर्णयाचे दिवस शून्य दिसतात. ते लेख वगळून मोजा. त्याआधीच्या काळासाठी आवक-जावक रजिस्टरच कामाला येतं. तेही नसेल तर आकडा देऊच नका. अंदाज आकड्याच्या वेषात छापणं संपादकांना कधीच चाललं नसतं.

इम्पॅक्ट फॅक्टरबाबत (नियतकालिकातल्या लेखांचे संदर्भ सरासरी किती वेळा दिले जातात, तो आकडा) फार जपा. हा आकडा क्लॅरिव्हेट कंपनीच्या ‘जर्नल सायटेशन रिपोर्ट्स’मधूनच येतो. पैसे घेऊन मिळत्याजुळत्या नावाचे ‘फॅक्टर’ देणाऱ्या जागा बऱ्याच आहेत. त्यांतला आकडा मानपत्रात गेला तर सत्काराचीच शोभा होते. आयएसएसएन हा आठ अंकी ओळखक्रमांक आहे, दर्जाचं प्रमाणपत्र नाही. तो मिळवल्याबद्दल अभिनंदन करू नये. ‘पबमेडमध्ये (वैद्यकीय लेख शोधण्याच्या संकेतस्थळावर) दिसतं’ आणि ‘मेडलाइनमध्ये (निवडक नियतकालिकांच्या सूचीत) समाविष्ट आहे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांतली तुमच्याबाबत कोणती खरी ते तपासूनच लिहा.

एका लेखाचा प्रवास टेबलावर मांडा

समारंभाच्या दारात संपादकांचे लहानपणापासूनचे फोटो लावण्यापेक्षा एक लांब टेबल ठेवा आणि त्यावर एकाच लेखाचे चार टप्पे मांडा: पहिला मसुदा, संपादकांच्या सूचनांसह परत गेलेली प्रत, खुणा केलेलं मुद्रित आणि छापील पान. चारही कागद डावीकडून उजवीकडे, प्रत्येकाखाली तारीख. लेखकाची लेखी परवानगी घ्या आणि परीक्षकांचे अभिप्राय त्यातून काढून टाका.

लेख निवडताना असा निवडा की दुरुस्तीचं मोल सामान्य माणसालाही कळेल. मायक्रोग्रॅम लिहिताना वापरायचं ग्रीक ‘म्यू’ हे चिन्ह याचं चांगलं उदाहरण आहे. जुन्या सिंबल फाँटमध्ये ते इंग्रजी ‘एम’च्या कळीवर असतं. लेखकाच्या संगणकावर चिन्ह बरोबर दिसतं. छापखान्यात फाँट बदलला की त्या जागी साधा ‘एम’ उमटतो आणि मायक्रोग्रॅमचे मिलिग्रॅम होतात. डोस हजारपट. वाक्य व्याकरणाला धरून असतं, शुद्धलेखन तपासणाऱ्याला काही खटकत नाही. औषधाचा नेहमीचा डोस डोक्यात असलेला माणूसच तिथे थांबतो. मुद्रितावर लाल शाईने असं एखादं अक्षर गोल केलेलं सापडलं तर तो कागद टेबलाच्या मधोमध ठेवा. संपादक म्हणजे काय, हे त्या एका गोलात पाहुण्यांना समजेल.

जुनी मुद्रितं छापखान्यात किंवा कार्यालयाच्या माळ्यावर असतात. पावसाळ्यात ती एकमेकांना चिकटतात. ओढून सोडवू नका. पंख्याखाली दोन दिवस मोकळी ठेवून मग एकेक पान सुटं करा.

काय सांगायचं नाही

कोणी कोणता लेख तपासला, हे मंचावर सांगायचं नाही. वीस वर्षांनीही नाही. परीक्षकांचे आभार मानायचे तर त्यांची संमती घेऊन एकत्र यादी वाचा. व्यक्ती आणि लेख यांची सांगड घालू नका. अमक्या मोठ्या डॉक्टरांचा लेख सरांनी कसा परत पाठवला, हा किस्सा भाषणात हमखास येतो. वक्त्यांना तो टाळायला आधीच सांगा, कारण नाकारलेला लेख गोपनीय असतो. रुग्णांची छायाचित्रं पडद्यावर दाखवू नका. त्यांनी संमती दिली होती ती नियतकालिकात छापण्यासाठी, सत्काराच्या चित्रफितीसाठी नव्हे. त्यातून गाव लहान असेल तर चेहरा झाकलेला असूनही माणूस ओळखू येतो.

मानपत्र

२५० ते ३०० शब्द. मोठ्याने, ठाय लयीत वाचायला अडीच ते तीन मिनिटं लागतात. त्यापुढे सभागृहाचं लक्ष जातं. एकानेच लिहावं, दुसऱ्याने तथ्यं तपासावीत, तिसऱ्याने मोठ्याने वाचून पाहावं.

‘वैद्यकविश्वाच्या नभांगणातील तेजस्वी तारा’, ‘ज्ञानयज्ञाचे अखंड होता’ असली वाक्यं काढून टाका. नाव बदललं तर ती कुणालाही लागू पडतात. त्याऐवजी असं लिहिता येईल (आकडे अर्थातच तुमच्या तक्त्यातले):

‘आपण सूत्रं हाती घेतली तेव्हा लेखकाला पहिलं उत्तर मिळायला पाच महिने लागत, आज सहा आठवडे लागतात. नाकारलेल्या प्रत्येक लेखासोबत कारण कळवण्याची प्रथा आपली. छपाईआधी प्रत्येक डोस दोन वेगळ्या व्यक्तींनी तपासायचा, हा नियमही आपलाच. आपल्या कारकिर्दीत ज्या डॉक्टरांनी पहिल्यांदा लिहिलं, त्यांतले निम्मे तालुक्याच्या ठिकाणी रुग्ण तपासतात.’

चारच वाक्यं, पण ती दुसऱ्या कुणालाही चिकटवता येणार नाहीत.

नाव, पदव्यांचा क्रम आणि आडनावातलं ऱ्हस्व-दीर्घ संपादकांच्या घरी विचारून पक्कं करा. मजकूर छापखान्याला युनिकोडमध्ये द्या. अनेक छापखाने अजून जुन्या फाँटमध्ये रूपांतर करून काम करतात आणि त्यात ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ होतं, रफार पुढच्या अक्षरावर सरकतो, ‘श्र’ फुटतो. फाँट अंतर्भूत केलेली पीडीएफ मागून घ्या आणि कागदावर काढून तपासा. पडद्यावर या चुका नजरेतून सुटतात. मानपत्र ए-३ आकारात, मजकूर १६ ते १८ पॉइंटचा. कागद २५० ते ३०० जीएसएमचा, आम्लरहित.

लॅमिनेशन नको. कोकणातल्या दमट हवेत कडेने ओल शिरते, फुगे येतात आणि आत बुरशी धरली की काही करता येत नाही. चौकट करून घ्या, पण कागद आणि काच यांच्यामध्ये पुठ्ठ्याची माउंट-पट्टी हवीच. कागद काचेला टेकला तर दोन-तीन पावसाळ्यांत चिकटतो. मागची बाजू कागदी पट्टीने बंद करा आणि खालच्या कोपऱ्यांवर रबरी बटणं लावा, म्हणजे भिंत आणि चौकट यांत हवा खेळती राहते.

विशेष विभाग काढायचा असेल तर

संपादकांच्या सन्मानार्थ अंकात विशेष विभाग करायला हरकत नाही, पण त्या विभागाची संपादकीय जबाबदारी पाहुण्या संपादकांकडे द्या. स्वतःच्या गौरवाचा मजकूर संपादकांच्या टेबलावरून जाता कामा नये. गौरवलेख परीक्षण न झालेल्या विभागातच ठेवा, ‘मूळ लेख’ या मथळ्याखाली नको. आणि शिष्यांकडून, मित्रांकडून शोधनिबंध मागवले असतील तर ते नेहमीसारखेच परीक्षणातून जाऊ द्या, नाकारायची वेळ आली तर नाकारा. ज्यांनी आयुष्यभर ओळखीपाळखीचा लेख आत येऊ दिला नाही, त्यांच्या नावाच्या अंकात तसा लेख घालणं हा त्यांचा अपमान आहे.

गौरवलेख तीन पुरेत: एक सहकाऱ्याचा, एक लेखकाचा, एक परीक्षकाचा. प्रत्येकी ६०० ते ८०० शब्द. निरोपाचं संपादकीय मात्र मावळत्या संपादकांनीच लिहावं. दोन पानं राखून ठेवा, दोन महिने आधी सांगा आणि त्यातली टीका बोचरी वाटली तरी हात लावू नका. आतल्या कुणी सांगितल्या नसतील अशा गोष्टी या लेखात येतात, पुढच्या मंडळाला त्याच उपयोगी पडतात.

बांधीव खंड

भेट म्हणून याहून चांगलं काही नाही. कार्यकाळातले सगळे अंक वर्षवार बांधा, त्याला लेखकसूची आणि विषयसूची जोडा. सूचीला महिना लागतो. एकाच लेखकाची आद्याक्षरं वेगवेगळ्या अंकांत वेगवेगळी छापलेली असतात, ती जुळवण्यात सगळा वेळ जातो.

बांधणी दोऱ्याच्या शिवणीची मागा. नुसत्या गोंदावर चिकटवलेला कणा दमट हवेत सैल पडतो आणि जाड खंडाची पानं सुटतात. पुठ्ठ्यावर कापड चढवा. स्वस्त रेक्झिन चिकट होऊन सोलवटतं. कसर आणि वाळवीसाठी जुने बुकबाइंडर खळीत मोरचूद घालतात, तो घालायला सांगा. काम मेअखेर उरकून घ्या. जुलै-ऑगस्टमध्ये कागदात ओल असते. तेव्हा दाबून बांधलेला खंड हिवाळ्यात वाकतो.

तीन संच करा: एक संपादकांना, एक कार्यालयात, एक सार्वजनिक ग्रंथालयात. तिन्ही एकाच गावात ठेवू नका. २२ जुलै २०२१ च्या महापुरात चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरासारख्या जुन्या ग्रंथालयाला मोठी झळ बसली. तुमचं कार्यालय नदीकाठी असेल तर एक संच रत्नागिरीच्या नगर वाचनालयात किंवा घाटमाथ्यावरच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात देता येईल का, ते विचारा. बांधण्यापूर्वीच सगळ्या अंकांचं स्कॅनिंग करून घ्या, कारण बांधल्यावर आतला समास नीट येत नाही. मजकुराला ३०० डीपीआय, रेखाचित्रांना आणि हृदयालेखांना ६००.

पदभार

समारंभाच्या आदल्या दिवसापर्यंत पदभाराची यादी सह्यांनिशी पूर्ण व्हायला हवी. हातात असलेला प्रत्येक लेख, तो कोणत्या टप्प्यावर आहे, परीक्षक कोण, पुढची तारीख कोणती. प्रत्येक लेखकाला दोन ओळींचं पत्र: संपादक बदलत आहेत, तुमचा लेख या टप्प्यावर आहे, यापुढे पत्रव्यवहार या पत्त्यावर. हे न केल्यास चांगले लेख दोन संपादकांच्या मधल्या फटीत सहा-सहा महिने पडून राहतात, आणि बोल जाणाऱ्या संपादकांना लागतो.

सगळ्यांत जास्त घोळ संकेतस्थळाच्या नावावरून होतो. कोणे एके काळी संपादकांनी स्वतःच्या ईमेलवरून, स्वतःच्या कार्डाने डोमेन घेतलेलं असतं. नूतनीकरणाची सूचना त्यांच्या जुन्या ईमेलवर जाते, कुणी पाहत नाही आणि एक दिवस संकेतस्थळ बंद पडतं. मग सगळे डीओआय दुवे (लेखांचे कायमचे ऑनलाइन ओळखक्रमांक) कुठेच पोहोचत नाहीत. डोमेन, डीओआय नोंदवणाऱ्या क्रॉसरेफ संस्थेतलं खातं, लेख स्वीकारण्याची प्रणाली आणि कार्यालयाचा ईमेल संस्थेच्या नावावर करून घ्या, बँकेतल्या सह्याही बदला. संपादक बदलले म्हणून नवा आयएसएसएन घ्यावा लागत नाही. तो नियतकालिकाच्या नावाला जोडलेला असतो.

प्रलंबित तक्रारी, मजकूरचोरीची शंका, यायचं असलेलं शुद्धिपत्र, या गोष्टी वेगळ्या बंद पाकिटात फक्त नव्या संपादकांना द्या.

‘मानद संपादक’ असं पद द्यायचं असेल तर त्याचा अर्थ लिहून ठेवा. सल्ला विचारला तर देतील, लेखांवर निर्णय घेणार नाहीत, प्रणालीत लॉगिन नसेल. हे स्पष्ट नसलं की लेखक नकार मिळाल्यावर जुन्या संपादकांना फोन करतात, आणि एका म्यानात दोन तलवारी होतात.

संपादक मतभेदामुळे जात असतील तर काय? सत्काराने ते झाकू नका. १९९९ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या ‘जामा’ या नियतकालिकाचे सतरा वर्षं संपादक असलेल्या जॉर्ज लुंडबर्ग यांना त्या संघटनेने काढलं, तेव्हा त्याची चर्चा जगभरच्या नियतकालिकांत झाली, अशी गोष्ट दडून राहत नाही. ते कधीपासून पदमुक्त झाले आणि त्यांच्या काळात काय झालं, एवढं साधं निवेदन छापा, त्यांनाही तेवढीच जागा द्या आणि बांधीव खंड घरी नेऊन द्या. काम केलं ते केलंच.

समारंभ

जून ते सप्टेंबर टाळा. महामार्गावर परशुराम घाटासारख्या ठिकाणी दरड येते, वीज जाते, आणि लेप्टो-डेंग्यूच्या दिवसांत डॉक्टर दवाखाना सोडू शकत नाहीत. १ जुलैचा डॉक्टर दिन म्हणूनच कोकणाला सोयीचा नाही. गणपती आणि शिमग्यात कोणी भेटत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारीतला रविवार उत्तम. ६ जानेवारीचाही विचार करा. १८३२ मध्ये त्या दिवशी ‘दर्पण’ सुरू झालं, आणि त्याचे संपादक बाळशास्त्री जांभेकर देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे. संपादकाच्या सत्काराला कोकणात याहून साजेसा दिवस नाही. वार आडवा आला तर कार्यक्रम संध्याकाळी घ्या.

एकूण वेळ नव्वद मिनिटं. प्रास्ताविकात तक्त्यातले आकडे, तीन वक्ते प्रत्येकी पाच मिनिटं, मानपत्रवाचन, सत्कार आणि सत्कारमूर्तींना वीस मिनिटं. मंचावरच्या प्रत्येकाला पुष्पगुच्छ द्यायला निघालात तर अर्धा तास तिथेच जातो; पाहुण्यांचं स्वागत एकदम, बसल्या जागी करा. इन्व्हर्टरवर माइक चालतो का, ते आदल्या दिवशी बघा.

मुद्रितं तपासणारे, अक्षरजुळणी करणारे, टपालाचे गठ्ठे बांधणारे यांना नावानिशी मंचावर बोलवा. सत्कारमूर्तींच्या पत्नीला किंवा पतीला नुसती ओटी किंवा गुच्छ देऊन मोकळे होऊ नका. रात्री जेवणाच्या टेबलावर मुद्रितं पसरलेली असताना घर कुणी चालवलं, हे एका वाक्यात तरी मोठ्याने सांगा, आणि त्यांची इच्छा असेल तर त्यांना बोलू द्या.

स्मृतिचिन्ह काचेचं नको. सावंतवाडीच्या चितारींकडून लाखकामाची पेटी किंवा हाताने रंगवलेली दशावतारी गंजिफा (गोल पत्त्यांचा पारंपरिक संच) घ्या. पूर्ण संच १२० पानांचा असतो, तो हाताने रंगवायचा म्हणजे तीन महिने आधी सांगायला हवं. शाल लोकरीची न देता सुती उपरणं द्या, ते वापरलं जातं. जेवणात घावणे, काजूची उसळ, मोदक आणि सोलकढी ठेवली की पुरे. रविवार आहे म्हणून मासे ठेवणार असाल तर संकष्टी-एकादशी पाहून घ्या. सोलकढी शंभर जणांना १५ लिटर लागते आणि नारळाचा रस लवकर आंबतो. त्याच सकाळी करून बर्फावर ठेवा.

पैसे

औषध कंपनीचा पैसा घेऊ नका, ‘फक्त जेवणाचा खर्च’ म्हणूनही नको. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेत डिसेंबर २००९ मध्ये कलम ६.८ आलं आणि कंपन्यांकडून भेटी, प्रवास, पाहुणचार घेण्यावर बंधन आलं. त्याहून मोठी गोष्ट अशी की जाहिरातदारांना लेखांपासून दूर ठेवण्यात ज्या संपादकांची हयात गेली, त्यांच्या मागे कंपनीचा फलक लागता कामा नये. सभासदांकडून सारखी, लहान वर्गणी काढा. देणाऱ्यांची नावं आकड्यांशिवाय छापा. जमेल तितका खर्च बांधणी, स्कॅनिंग आणि सूचीवर करा, मंडप-सजावटीवर कमीत कमी.

पैसे उरले तर संपादकांच्या नावे वार्षिक पारितोषिक ठेवा: ग्रामीण भागातल्या डॉक्टरांनी लिहिलेल्या उत्तम रुग्णवृत्तासाठी. एक लाख रुपये ७ टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला ७,००० मिळतात. मुद्दलाला हात लावायचा नाही, निवड संपादक मंडळाबाहेरच्या तिघांनी करायची, योग्य लेख नसेल त्या वर्षी पारितोषिक द्यायचं नाही, हे तीन नियम ठरावातच लिहा. ठेव संस्थेच्या नावावर असावी, कुणा पदाधिकाऱ्याच्या नाही.

नंतर

पुढच्या अंकात समारंभाचा वृत्तांत एका पानात, एका छायाचित्रासह. मानपत्राची पीडीएफ, भाषणांची ध्वनिफीत आणि तक्ता कार्यालयात जपून ठेवा. पुढच्या संपादकांच्या निरोपाच्या वेळी तोच तक्ता पुढे चालवायचा आहे. मावळत्या संपादकांचा पत्ता टपालाच्या यादीत ‘आजीव, विनामूल्य’ म्हणून हाताने चढवा. यादी वर्गणीदारांच्या नोंदीतून निघते आणि संपादक कधीच वर्गणीदार नसतात. त्यामुळे पद सुटल्यावरच्या पहिल्याच अंकाची प्रत त्यांना जात नाही, आणि हे कार्यालयाच्या लक्षातही येत नाही. पहिले दोन अंक कुणीतरी स्वतः नेऊन द्यावेत.